मानवलं तर

पहिल्या वर्षी सतरा लावल्या.
खिडकीचा जुना पट्ट्यांचा पडदा कापून
प्रत्येकीला नावाची पाटी केली,
पेन्सिलीनं, कारण शाई इथलं ऊन पिऊन टाकतं
आणि पेन्सिल, का कोण जाणे, टिकते.

क्लोटिल्ड दर ऑगस्टात खोकं पाठवते डुलुथहून.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले आयरिसचे कंद,
आल्याच्या कुड्यांसारखे, पानं पंख्यागत छाटलेली,
वर तिच्या अक्षरात: पाणी कमी. पाठीवर ऊन पडू दे.
पाणी कमी!
चाळीस वर्षं झाली तिला लुइझियाना सोडून.
विसरली असेल, टेश बायूच्या काठी
नुसती हवा पिळली तरी बादली भरते.

वहीत मी लिहिते ते एवढंच:
निळी, उंच, दाढीवाली. जुलैत कुजली.
तपकिरी, आतून जांभळी. जुलैत कुजली.
पिवळी, जिचं नाव मला उच्चारता येत नाही,
जूनमध्येच.
तो वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको,
आणि नाही त्याला सांगू नये.

मग वाळू आणली, विटांचा चुरा आणला,
वाफा गुडघ्याइतका उंच केला.
अल्सिड कुंपणावरून म्हणाला, "कुणाला पुरलंस, युलाली?"
हॉलंडच्या, गवतासारख्या पानांच्या,
सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवल्या, अंड्यांच्या शेजारी.
त्या फुलल्या. एकदाच.
जेवून गेलेल्या पाहुण्यांसारख्या, पुन्हा पत्ता नाही.
जपानी आयरिसना पाणीही हवं होतं आणि थंडीही.
माझ्याकडे अर्धंच होतं.
कबरस्तानाच्या फाटकाशी वाढणारी जुनी पांढरी
तेवढी जगली, पण ती तर कशानंच मरत नाही.

"तुझ्याकडे झोप लागत नाही त्यांना,"
क्लोटिल्ड फोनवर म्हणायची,
"झोपल्याशिवाय फुलतील कशा?"
म्हणून एका जानेवारीत मी
क्रॉफिशच्या पेटीत उरलेला बर्फ
रोज संध्याकाळी फावड्यानं वाफ्यावर ओतला.
सकाळी पाहावं तर
डबकं, आणि डबक्यात बेडूक, खुशाल.

इकडे मागच्या नाल्यात,
कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी जातं तिथं,
तांबड्या विटेच्या रंगाच्या, इथल्याच,
पाण्यात पाय सोडून उभ्या.
आई त्यांना नुसतं "नाल्यातल्या" म्हणायची.
त्यांना पाटी नाही. वहीत पान नाही.

यंदा मार्चअखेरीला क्लोटिल्ड आली,
गुडघा बदललेला, कोट हातावर,
विमानतळावरच म्हणाली, "श्वास ओला लागतो गं."
तिला दाखवायला मी वाफा खुरपून ठेवला होता,
तिच्या सहा वर्षांच्या खोक्यांतून उरलेली
एक फिकट निळी, जी मरत नाही आणि फुलतही नाही,
नुसती पानं काढते.
तिनं तिकडे पाहिलं, "हं" म्हणाली,
आणि काठी टेकत, चांगल्या बुटांनिशी,
सरळ नाल्यात उतरली.

कोपरापर्यंत हात चिखलात.
उपटला तो गड्डा पोरासारखा कडेवर घेऊन वर आली,
तोंडावर शिंतोडे.
"तिकडे मानवतात का बघू," म्हणाली.
मी म्हटलं, "पहिल्या हिवाळ्यात तुझ्या नाकातून रक्त यायचं.
मोजे घालून झोपायचीस. पत्रात लिहिलं होतंस."
"हो," ती म्हणाली. "वर्तमानपत्र दे."
आणि पाटी मागितली.
पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ बसली.
शेवटी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

आता डिसेंबर आहे. इथं पंखा चालू आहे.
वाफ्यात फिकट निळीला आणखी एक पान आलंय.
मी फोन करते, विचारते, "झोपल्या का गं?"
ती म्हणते, "चार फूट बर्फ आहे वर.
आत काय चाललंय, कुणाला ठाऊक."